आंब्यावर टांगलेले श्वास

प्रिय मीरा आणि निखिल,

मीरा, तुझं पत्र आणि त्यातला फोटो गेल्या आठवड्यात पोचला. तू सरकत्या पट्ट्यावर धावते आहेस, नाकाला चिमटा आहे, तोंडात नळी आहे आणि नळीचं दुसरं टोक कपाटाएवढ्या यंत्रात गेलं आहे. खाली लिहिलं आहेस, "आमच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांची शक्ती कशात किती खर्च होते ते मोजतात. मी आपणहून नाव दिलं. आजी, हसू नकोस." मी हसले नाही. फोटो खिडकीशी नेला आणि चिमटा नीट बसला आहे का ते पाहिलं. किंचित वर बसला आहे. त्यानं नाकातून हवा निसटते. पुढच्या वेळी त्यांना सांग.

तुम्ही मला कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली बाई म्हणून ओळखता. त्याआधी काही वर्षं मी याच कामावर होते, हे तुमच्या आईलाही अर्धवटच माहीत आहे. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "आपल्या कामाविषयी लिहा" असं कळवलं, तेव्हा शिकवण्याविषयी लिहिण्यासारखं फारसं सुचेना. तुझा फोटो टेबलावर होता. म्हणून हे तुम्हा दोघांना लिहिते आहे. बाकीच्या वाचकांनी शेजारी बसून ऐकावं.

महायुद्ध संपलं होतं, रेशन संपलं नव्हतं. सरकार अंगमेहनत करणाऱ्याला जास्त धान्य देई आणि बसून काम करणाऱ्याला कमी. मग कॉलेजात जाणारा मुलगा यांपैकी कोण? तो बाकावर बसतो हे खरं, पण तो क्रिकेट खेळतो, कवायत करतो, जिने चढतो. आमच्या कॉलेजच्या वसतिगृहात कुणाला किती वाढायचं यावरून रोज कुरबुर चाले. शरीरशास्त्राचे आमचे प्राध्यापक, ज्यांना मी नुसतं सर म्हणेन, त्यांनी ठरवलं की भांडण्यापेक्षा मोजावं. हिवाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलामुलींचं शिबिर कर्जतला नेलं. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन त्यांच्या हाताखाली लागले होते. मुलींवर लक्ष ठेवायला एक बाई हवी होती आणि मोजायला एक माणूस हवं होतं. दोन्ही कामं मला मिळाली.

उल्हास नदीच्या काठी एका आमराईत आमचे तंबू होते. सकाळी उठलं की जग नसे. नुसतं धुकं असे. त्यातून आधी आंब्यांचे बुंधे यायचे, मग नदीचा आवाज, मग पाण्याचा एखादा तुकडा, आणि सगळ्यांत शेवटी, फार उंचावर, माथेरानचा डोंगर, खाली काहीच आधार नसल्यासारखा. स्टेशनात गाड्या थांबत. घाट चढायला त्यांना मागून जादा इंजिनं जोडत. ती दिसत नसत, पण त्यांच्या शिट्ट्या धुक्यातून येत आणि कुठून आल्या ते कळत नसे. मुलं बोलू लागली की प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघे. मला तेव्हा वाटायचं, आपलं काम इथं हवेतच लिहिलेलं आहे, आपण फक्त ते गोळा करायचं.

गोळा करायची पद्धत सोपी होती. माणूस म्हणजे एक शेगडी. खाल्लेलं अन्न ती जाळते आणि जाळायला हवा लागते. काम जास्त तर हवा जास्त. आमच्याकडे रबर लावलेल्या जाड कापडाच्या मोठ्या पिशव्या होत्या, दप्तरासारख्या पाठीला बांधायच्या. नाकाला चिमटा, तोंडात रबरी तोंडी, तिला झडपा. श्वास बाहेरून आत यायचा आणि उच्छ्वास नळीतून पाठीवरच्या पिशवीत जायचा. मुलगा धावू लागला की मी ठरलेला वेळ पिशवीच्या नळीवरची तोटी उघडी ठेवी आणि मग बंद करी. पिशवीला नावाची चिठ्ठी बांधून ती आंब्याच्या फांदीला टांगायची. नंतर एकेक उतरवून आतली हवा मापायची आणि थोडी काचेच्या नळीत घेऊन तिच्यातला प्राणवायू किती उरला ते बघायचं. अकराच्या सुमाराला झाडाला दहा-बारा पिशव्या लोंबत असत. वारा आला की त्या एकमेकींना हलकेच लागत. आत तरुण पोरांचे श्वास होते. त्या झाडाखालून जाताना मी उगीचच हळू चालत असे.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची होती. वामन नावाचा एक कर्मठ घरातला मुलगा होता. त्यानं तोंडी हातात घेतली आणि विचारलं, "बाई, हे आधी कुणाच्या तोंडात होतं?"

"उकळून घेतलं आहे. आता कुणाचं नाही."

"उकळायच्या आधी?"

शेवटी मी पेटीतली एक कोरी तोंडी त्याला दिली. ती त्यानं जानव्याला बांधून ठेवली, घरोघरचे पुरुष किल्ली बांधत तशी, आणि शिबिरभर ती छातीवर वागवत डोंगर चढला. दुसऱ्या एका गड्याला वाटलं की ही परीक्षाच आहे आणि ज्याची पिशवी सर्वांत फुगेल तो पहिला. तो उभ्या उभ्या इतका फुंकू लागला की चक्कर येऊन बसला. सर म्हणाले, "या देशात मुलांना श्वास घ्यायला सांगितलं तरी ती मार्क मागतात."

मुलींना सरांनी थोडी कवायत, थोडं शिवणकाम आणि बरीच विश्रांती लावून दिली होती. वेळापत्रक त्यांच्या सुरेख अक्षरात तंबूच्या खांबाला लटकत असे. आता गंमत अशी की तांदूळ आणायचा परवाना मिळाला नव्हता आणि गावातून मिळालं ते न कांडलेलं भात. शेजारच्या शेतकऱ्याच्या खळ्यात जमिनीत पुरलेलं एक उखळ होतं. सकाळी मुलं धावायला गेली की मुली तिथं भात कांडत. वेळापत्रकात त्या वेळेसमोर "विश्रांती" लिहिलेलं होतं. मुलींसकट कुणालाही त्यात काही खटकलं नव्हतं.

कांडण्यात सगळ्यांत सरस इंदू होती. ती तिथून जवळचीच, खालापूर तालुक्यातली, शिळफाट्याच्या पलीकडच्या एका गावची. वडील शेतकरी. त्यांच्या गावातून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. मुंबईला परळमध्ये मामाकडे राहून शिकत होती. हुशार, बोलायला कमी, आणि इतकी वाळलेली की पाठीवर पिशवी बांधताना मला पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. दुपारी पुस्तक उघडून बसली की दोन पानांत तिचा डोळा लागे.

एका सकाळी तिचे वडील आले. धुक्यातून आधी डोक्यावरची टोपली दिसली, मग माणूस. टोपलीत वालाच्या शेंगा आणि फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकरी. मी झाडाखाली पिशव्या उतरवत होते.

"बाय, तुमी मास्तरीण काय?"

"नाही, मी मोजते."

"काय मोजता?"

"मुलांचे श्वास."

त्यांनी वर फांद्यांकडे पाहिलं. "आन मग काय, मुंबईला इकता?"

मी हसले, तेही हसले. मग इंदू खळ्यातून आली आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"इंदे, काय झालंय गं तुजं? मिरगाला गेलीस तवा अशी नव्हतीस."

"बरी हाय, आबा."

"बरी नाय. हाडं मोजून घ्यावी आशी झालीस." ते माझ्याकडे वळले. "गाव बोलत होतं, वाचून वाचून रगत आटतं, बाईच्या जातीला डोक्याचं काम सोसत नाय. मी कुनाचं ऐकलं नाय. आता सोताच्या डोळ्यांनी बघतोय. शिबिर उठलं का पोर घरी येनार. कॉलेज बास झालं."

इंदू खाली मान घालून परत खळ्याकडे गेली. थोड्या वेळानं मुसळाचा आवाज सुरू झाला. आबा आंब्याच्या बुंध्याशी उकिडवे बसून राहिले.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे. आपण मोजतो. लोकांच्या घरात बोलत नाही."

"तिला वाचताना मोजू का?"

"वाचन आपल्या वेळापत्रकात नाही."

"विश्रांतीत येतं, सर."

त्यांनी चष्मा पुसला. "मग विश्रांती मोजा. विश्रांती मोजायला माझी ना नाही."

मी इंदूला झाडाखाली चटईवर बसवलं, पिशवी बांधली आणि तिचं सर्वांत अवघड पुस्तक मांडीवर दिलं. आबा समोर येऊन बसले. ठरलेला वेळ झाला, मी तोटी बंद केली. पिशवी लुळी पडून होती, तळाशी जरा फुगलेली. शेजारच्या फांदीवर एका धावून आलेल्या मुलाची पिशवी टम्म होती. आबांनी दोन्हींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"कमी भरली. म्हंजे पोरीत दमच उरला नाय."

"आता नुसती बसू दे. पुस्तकाशिवाय."

दुसरी पिशवी बांधली. इंदू नदीकडे बघत बसली. पिशवी तेवढीच भरली.

"वाचलं काय आन नाय वाचलं काय, सारकंच?" आबा म्हणाले.

"जवळजवळ सारखंच. वाचायला फार थोडं जळण लागतं. वाचून कुणी वाळत नाही."

"मग पोर वाळली कशानं?"

ते मलाही माहीत नव्हतं. दुसरं काही सुचेना म्हणून मी म्हणाले, "कांडताना बघू."

उखळाशी नलू नावाची गिरगावची मुलगी इंदूची जोडीदार होती. एका उखळात दोघी कांडतात तेव्हा एकीचं मुसळ खाली येतं त्या वेळी दुसरीचं वर गेलेलं असावं लागतं. मी इंदूच्या पाठीला तिसरी पिशवी बांधली, चिमटा लावला, तोंडी दिली आणि तोटी उघडली. दोन-चार घाव बरे पडले. मग मुसळं एकमेकांवर आदळली, नलूचं बोट थोडक्यात वाचलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा आदळली. कॉलेजात मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि सरांच्या इंग्रजी पुस्तकांतही नव्हतं, की कांडणारी बाई घाव घालताना "हुं" करते आणि त्या "हुं"वर दुसरी मुसळ उचलते. मी नळी देऊन इंदूचा "हुं" बंद केला होता.

आबा उठून आले. "तोंड बांधल्यावर कांडतील कशा, बाय? थांबा."

ते उखळाशी उभे राहिले, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "हुं."

इंदूचं मुसळ पडलं.

"हुं."

नलूचं पडलं.

धावून परत आलेली मुलं खळ्याच्या कडेला जमली होती. मिशीवाला गडी बायकांचा हुंकार देतो आहे हे पाहून एकदोघं हसली, मग गप्प झाली. आबांचं लक्षच नव्हतं. त्यांचे डोळे अर्धे मिटले होते. नंतर ते मला म्हणाले की आईच्या पाठीला बांधलेले असल्यापासून हा ताल त्यांना येतो. धुकं अजून पुरतं गेलं नव्हतं. ऊन त्यात विरघळल्यासारखं झालं होतं. कोंडा उडून त्या उजेडात तरंगत होता. हुं, आणि घाव. हुं, आणि घाव. इंदूच्या पाठीवरची पिशवी आधी एका कडेनं उठली, मग सगळीकडून, एखादं झोपलेलं जनावर हळूहळू उभं राहावं तशी. मला वेळेचं भान ठेवायचं होतं, ते मी ठेवलं, पण ते कसं ठेवलं ते आठवत नाही. ठरलेला वेळ संपत आला तेव्हा पिशवी अशी ताणली होती की मला हात लावायची भीती वाटली.

आबांनी तिच्यावर तळवा टेकला. "ह्ये समदं हिच्यातनं गेलं?"

"हो. बसून वाचलं तेवढ्याच वेळात."

"रोज जातं?"

"रोज. कांडताना."

सर माझ्या मागे येऊन उभे होते. ते तंबूकडे गेले. वेळापत्रकावरची मुलींची "विश्रांती" त्यांनी पट्टी धरून खोडली. त्यांचं खोडणंही सुरेख असे.

आबा मात्र तिथंच थांबले होते. "मुंबईला कांडतेस काय गं?"

"नाय, आबा."

"मग?"

इंदू चिमट्यानं लाल झालेलं नाक चोळत होती. "पानी भरते. खालच्या नळावरनं."

"मामा तर तिसऱ्या माळ्यावर ऱ्हातो."

तिनं मुसळ उचलून हातात घेतलं.

"आपलंच भरतेस, का आनि कुनाचं?"

"शेजारच्या दोन घरांचं बी. मामी सांगते. मग कपडे, मग कॉलेज."

"जेवतेस कवा?"

"समद्यांचं झालं का."

"उरतं?"

"रेशनचं धान्य हाय, आबा. कितीक उरनार?"

"मला बोलली नाईस."

"बोलले असते तर तुमी घरी आनलं असतं."

यावर आबा खाली बसले. त्यांनी जमिनीवरचा कोंडा मुठीत घेतला आणि सोडला, पुन्हा घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेव्हन्याला काय बोलू? हिच्या आयला तेवढा एकच भाऊ. आज मी तोंड उघडलं तर तिचं म्हायेर बंद. आन नाय उघडलं तर पोर जाईल. तिला घरी आनतो. पोरीची तब्येत नाय म्हनायचं. कुनाला राग नाय, लोभ नाय."

इंदू उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती फक्त मुसळ दोन्ही हातांनी घट्ट धरून होती.

मी म्हणाले, "मी दादरला आत्याकडे राहते. तळमजला आहे, नळ घरात आहे. इंदूला माझ्याकडे ठेवा. मामांना सांगा, कॉलेजच्या बाईंनी मोजायला ठेवून घेतली. आत्ता मोजताना तुम्ही पाहिलंतच."

आबांनी मान वर केली. त्यांना युक्ती पटली होती, ते दिसत होतं. पण ते सावकाश म्हणाले, "बाय, तुमी बामन. आमची पोर जेवंल कुठं?"

"माझ्या शेजारी."

"आत्याबायला इचारलंत?"

"नाही."

त्या दिवशी दुसऱ्यांदा ते हसले. "मग आदी इचारा. आमी थांबतो."

शिबिर उठल्यावर मी आत्याला विचारलं. ती बालविधवा, सोवळ्याची कडक, आणि खोटं बोलणाऱ्या माणसाचा तिला विटाळापेक्षा जास्त राग. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अगो, मोजायला ठेवून घेतली म्हणून तिच्या मामाला सांगणार. मग मोजणार आहेस का खरंच?"

"मोजेन. दर आठवड्याला."

"मग येऊ दे. पण माझ्या स्वयंपाकघरात ती येणार नाही, आणि मी माझं सोवळं सोडणार नाही."

"मी तिच्या वडिलांना सांगितलं आहे, ती माझ्या शेजारी जेवेल."

आत्यानं जरा विचार केला. "तर मग तू जा बाहेर."

अशी मी बाहेर गेले. इंदू आली आणि आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत जेवू लागलो. वाढायला आत्या बाहेर येणार नव्हती आणि इंदू आत जाणार नव्हती. म्हणून मी भाताचं पातेलं, आमटी, भाजी, सगळं एकदमच आणून मध्ये ठेवी आणि जिनं तिनं आपलं घ्यावं. पहिले काही दिवस इंदू हात आखडून बसे. मी घेतल्याशिवाय ती घेईना, आणि तिनं घेतल्याशिवाय मी घेईना. पुष्कळदा आमटी निवून जाई. मग एके दिवशी तिला भूक असावी. तिनं डाव उचलला आणि आधी स्वतःला वाढलं.

आम्ही जेवताना बोलत असू. कर्जतच्या गोष्टी, वामनची जानव्याची तोंडी, कॉलेजातल्या गमती. आत्या आत एकटी जेवायची. काही आठवड्यांनी तिचा पाट उंबरठ्याशी आला. म्हणे, आत धूर होतो. उन्हाळ्यात पाट उंबरठ्याच्या बाहेर आला. त्या सुमाराला मी दर आठवड्याला मोजताना इंदूच्या पिशवीच्या पट्ट्याचं नवं भोक सोडून जुन्या भोकात काटा अडकवू लागले.

एक रुखरुख राहिली आहे. सरांच्या अहवालात धावणं, पोहणं, डोंगर चढणं सगळं आलं. कांडप सरांनी लिहिलं होतं, पण वरच्या मंडळींनी ते विद्यार्थ्यांच्या हालचालींत बसत नाही म्हणून गाळलं. पाणी भरणं तर आम्ही कधी मोजलंच नाही. पुढे पैसे संपले, सर निवृत्त झाले, मी शिकवायला लागले. रबर फार टिकत नाही. पिशव्या आधी चिकट झाल्या आणि मग त्यांचे तुकडे पडले. आमराई होती तिथं आता घरं आहेत, आणि इंदूच्या गावचे लोक रसायनीच्या कारखान्यांत कामाला जातात. इंदू पदवीधर झाली, खालापूर तालुक्यातच शाळेत शिकवू लागली, आणि तिच्या आईचं माहेर शेवटपर्यंत उघडं राहिलं. दोन वर्षांपूर्वी इंदू गेली.

त्या सगळ्यातून अजून शिल्लक आहे ते एवढंच: आमच्या घरात पातेली मध्ये ठेवतात, सगळे एकदम बसतात, आणि कुणी मागाहून जेवत नाही.